दिव्याखालचा अंधार आणि शाश्वत नगरविकास



१९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने शाश्वत विकासाची संकल्पना जगापुढे मांडली. आजच्या पिढीने आपल्या गरजा अवश्य भागवाव्यात, परंतु तसे करताना पुढच्या पिढीच्या तोंडचा घास हिरावू नये, असा तिचा आशय. तत्त्व म्हणून ते कोणालाही मान्य होईल. प्रश्न आहे तो हे तत्त्व महापालिकेच्या नकाशात, निविदेत आणि अंदाजपत्रकात उतरविण्याचा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. दिवा स्थानकाबाहेर पाऊल टाकले तरी पुरे.

खाडीकाठची दिवा, दातिवली, साबे, आगासन ही मूळची भातशेतीची आणि मासेमारीची गावे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला येथेच पनवेल आणि वसई हे दोन फाटे फुटतात. कोकणात जाणारी सावंतवाडीची गाडीही येथूनच सुटते. मुंबई-ठाण्यात घर घेणे ज्यांना परवडले नाही, अशा हजारो कुटुंबांनी या जंक्शनाच्या आधाराने संसार थाटले. वस्ती आधी आली. रस्ते, पाणी, गटारे मागाहून, तीही अपुरी. २ जानेवारी २०१५ रोजी लोकलच्या खोळंब्याने त्रासलेल्या प्रवाशांचा उद्रेक सर्वांनी पाहिला. त्यानंतर १८ डिसेंबर २०१६ पासून जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका खुली झाली. तरीही ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला ठेवणाऱ्या नगररचनेची किंमत अशी मोजावी लागते.

आता दुसरी बाजू पाहावी. ठाणे हे तलावांचे शहर. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वेगाडी ठाण्यालाच आली, तेव्हापासून स्थानकाचा परिसर हाच शहराचा गाभा राहिला. या गाभ्याच्या नूतनीकरणासाठी प्रयत्न झाले, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या सुमारास स्थानकाच्या पश्चिमेस सॅटिसचा उन्नत मार्ग उभा राहिला आणि बसगाड्या वर, रिक्षा खाली अशी विभागणी झाली. २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत ठाण्याची आणि कल्याण-डोंबिवलीचीही निवड झाली.

परंतु शहराचा गाभा सजत असताना त्याच शहराचा कचरा वर्षानुवर्षे दिव्याला येऊन पडत होता. खाडीलगतच्या त्या ढिगाऱ्याला आगी लागत, धूर घराघरांत शिरे, झिरपणारे काळे पाणी खाडीकडे वाही. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. २०२३ च्या प्रारंभी ही कचराभूमी बंद झाली. दिवेकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र कचऱ्याची वाट भंडार्ली गावाकडे वळली आणि तेथील ग्रामस्थ विरोधासाठी उभे राहिले. आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटला, तर त्यास स्वच्छता म्हणता येत नाही. म्हणून पहिले तत्त्व असे, की शहराच्या मध्याचा विकास मोजताना शहराच्या कडेचीही मोजदाद झाली पाहिजे.

दुसरे तत्त्व सुरक्षित निवाऱ्याचे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. अशा घरांत माणसे हौसेने राहत नाहीत. ठाण्यातील समूह विकास योजनेचा विचार पुढे आला तो या दुखण्यातूनच. परंतु नव्या उंच इमारतींत जुना भाडेकरू, दुकानदार, हातावर पोट असलेला कारागीर टिकला नाही, तर तो पुनर्विकास झाला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जुने कुटुंब तेथेच राहावे, आणि वाढीव लोकसंख्येपूर्वी वाढीव पाणी, मलनिःसारण व रस्ता यांची तजवीज व्हावी, हा क्रम उलटता कामा नये.

तिसरे तत्त्व जमिनीचे आणि पाण्याचे. सखल खाडीकाठी भरतीचे पाणी आणि पावसाचे पाणी एकाच वेळी आले, तर त्यास सामावून घेते ती तिवरांची पट्टी. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात ठरविला. तेथे भराव टाकणारा केवळ झाड मारत नाही. तो शेजारच्या चाळीत पुराला आमंत्रण देतो.

कायद्यांची वाण आहे, असे नाही. महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावयाचा असतो. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत पर्जन्यजल संचय, सौर ऊर्जा, सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या तरतुदी आल्या. उणीव आहे ती सांधणीची. पर्यावरणाचा अहवाल एका कपाटात आणि बांधकामाची परवानगी दुसऱ्या टेबलावर, असे चालते. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वीच पाणी, कचरा, पादचारी आणि मूळ रहिवासी या चार बाबींचा हिशेब मागितला, तो लोकांसमोर ठेवला आणि पुढील देखभालीची रक्कम त्याच अंदाजपत्रकात राखून ठेवली, तर तत्त्व कागदावरून रस्त्यावर उतरेल. खर्च वाढेल, ही तक्रार रास्त आहे. परंतु तो खर्च आज पालिकेने केला नाही, तर उद्या दवाखान्यात आणि पुरात दिव्याचा रहिवासी तो करीत राहतो. खर्च टळत नाही, फक्त गरिबाच्या खात्यावर जातो.

समाजाच्या संस्थांचा वाटाही यात मोठा आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरविले आणि त्यांत प्रार्थनास्थळांनाही गणले. भोजनशाळा, सभागृह, सोसायटी यांनी ओला कचरा आवारातच जिरविला, तर तेवढे ओझे कोणत्यातरी गावाच्या वेशीवर जाऊन पडणार नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आणि अपरिग्रहाचा संस्कार जपणाऱ्या घरांना जपून वापरण्याचा हा पाठ नवा नाही. आजवर तो स्वयंपाकघरात पाळला गेला; आता प्रभागाच्या सभेत, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारात आणि पालिकेला दिलेल्या हरकती-सूचनांत तो मांडला जावा.

शहराची परीक्षा त्याच्या चौकातील कारंज्यावर होत नाही. सकाळी सहाच्या लोकलसाठी घर सोडणाऱ्या दिव्याच्या भगिनीला रात्री परतताना उजेडाची वाट, धुराविना हवा आणि नळाला पाणी मिळते की नाही, यावर ती होते. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानंतरची पन्नास वर्षे ज्यांची आहेत, ती मुले आज पाठशाळेत बसली आहेत. त्यांच्या वाट्याचे शहर शाबूत ठेवण्याचा संकल्प हीच या मंगल प्रसंगाची खरी प्रभावना ठरेल.

जय जिनेंद्र!