माणूस आपला की निवडून येणारा?

‘माणूस चांगला आहे हो, पण निवडून येईल का?’ हा पारावरचा प्रश्न अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतानाही निघतो. १९५२ साली रिपब्लिकन पक्षानं निष्ठावंत सिनेटर टाफ्ट यांना बाजूस सारून राजकारणात नवखे सेनापती आयसेनहॉवर उभे केले. ते जिंकले. १९६४ साली मात्र तत्त्व धरलं. गोल्डवॉटर यांना ५० पैकी अवघी ६ राज्यं मिळाली. झालं, तत्त्व बुडालं! पण त्यांच्याच प्रचारात भाषण केलेले रेगन १९८० साली पुष्कळसे तेच विचार घेऊन ४४ राज्यांत जिंकले. मग हरले ते बरंच झालं म्हणायचं? मला नाही तसं वाटत. गोल्डवॉटर यांचा ज्याला विरोध, तो वृद्धांच्या औषधोपचाराचा कायदा त्या पराभवानंतर, १९६५ सालीच झाला. रेगन आले तरी तो राहिलाच.