एक्यूआय ज्यांना मोजत नाही ते कण, आणि आपलं हृदय

आज विषय थोडा केमिस्ट्रीचा आहे, थोडा बायोलॉजीचा आणि बराचसा ट्रॅफिक सिग्नलचा. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय आणि दिवसभर कोड लिहिते. पण रोज सकाळी फोनवर एक्यूआय बघायची सवय लागली, तेव्हा एक प्रश्न पडला. हा आकडा नक्की काय मोजतो? आणि काय मोजत नाही? शोधत गेले आणि पोचले थेट हृदयाच्या पेशींपर्यंत.

सुरुवात मेक्सिको सिटीपासून करू. २०१९ मध्ये तिथल्या तरुणांच्या हृदयांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघातात गेलेली ही माणसं होती, सरासरी वय विशीतलं, मोठा आजार कुणाला नाही. लिलियन काल्डेरॉन आणि बार्बरा माहेर या शास्त्रज्ञांच्या टीमने त्यांच्या हृदयाचे नमुने तपासले. त्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे, बारीक चुंबकीय कण सापडले. किती? चुंबकीय मोजमापावरून काढलेला अंदाज असा, की वाळवलेल्या एका ग्रॅम नमुन्यात २ अब्जांपासून २२ अब्जांपर्यंत. कमी प्रदूषित ठिकाणी राहिलेल्यांच्या तुलनेत हे २ ते १० पट जास्त.

मॅग्नेटाइट शरीरात आपोआपही तयार होऊ शकतं ना? होऊ शकतं. पण तसे स्फटिक साधारण कोनदार असतात. इथले बरेच कण होते गोल. प्रचंड उष्णतेत धातूचा थेंब वितळला आणि झटकन थंड झाला, की असा गोळा बनतो. अशी उष्णता कुठे असते? इंजिनात आणि ब्रेक दाबल्यावर होणाऱ्या घर्षणात. म्हणजे हे कण रस्त्यावरून आले असावेत.

आता आकार समजून घेऊ. नॅनोकण म्हणजे १०० नॅनोमीटरपेक्षा छोटा कण. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर. एवढा छोटा कण नाकातल्या केसांना जुमानत नाही, फुप्फुसाच्या अगदी तळाशी जातो, आणि तिथून थोडे कण रक्तात उतरतात. एडिनबरामध्ये २०१७ च्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी नॅनोकण श्वासातून दिले होते. काहींच्या रक्तात १५ मिनिटांतच सोनं दिसलं, आणि ३ महिन्यांनंतरही लघवीत सापडत होतं. फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हृदयात. रस्ता सरळ आहे.

हृदयात पोचल्यावर पुढे काय? हृदयाची स्नायूपेशी आयुष्यभर सुट्टी घेत नाही. तिला सतत ऊर्जा लागते, म्हणून तिच्या आत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात, पेशीच्या आकारमानाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, हे शाळेत पाठ केलंय आपण सगळ्यांनी. पण या पॉवरहाऊसचा धूरही असतो. ऊर्जा बनवताना थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशीकडे ते साफ करायची सोय आहे. मात्र शेजारी लोखंड असेल तर त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं, आणि ते समोर येईल त्याला चावतं: पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए. मेक्सिकोच्या अभ्यासात लोखंडाचे कण नेमके मायटोकॉन्ड्रियामध्ये दिसले, आणि ते मायटोकॉन्ड्रिया बिघडलेलेही दिसले.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं, पेशी आकुंचन पावते, मग कॅल्शियम परत साठवणीत खेचलं जातं. या ये-जा करणाऱ्या दारांना रॅडिकलचा त्रास झाला, की ताल बिघडायची शक्यता वाढते.

आणि हे आपल्याच वयाला का सांगतेय? कारण कातडीची पेशी गेली तर नवी येते, हृदयाचं तसं नाही. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे मोजलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन १४ आपल्या डीएनएत किती उतरलाय, यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या येतात. पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे आज छातीत ज्या पेशी धडधडतायत, त्यातल्या बऱ्याचशा शेवटपर्यंत आपल्यासोबत राहणार आहेत. वॉरंटी नाही, रिप्लेसमेंट जवळपास नाही.

थांबा, घाबरू नका. इथे दुसरी बाजूही सांगायला हवी.

पहिली गोष्ट, मेक्सिकोचा अभ्यास कण सापडले आणि बिघाड सापडला, एवढंच सांगतो. कणांमुळेच बिघाड झाला हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. दुसरी, प्रयोगशाळेतले बरेच प्रयोग काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर होतात. तिथे कण थेट पेशीवर ओततात, काही तासांत निकाल. शरीरात रक्तातली प्रथिनं कणाला चिकटून त्याचं रूप बदलतात, आणि यकृत, प्लीहा बरेचसे कण वाटेतच पकडतात. तेव्हा 'अमुक कणाने हृदयाच्या पेशी मारल्या' अशी बातमी फॉरवर्ड झाली, तर आधी विचारा: बशीतल्या पेशी की माणूस? आणि डोस किती?

तिसरी गोष्ट, सगळी धातूंची ऑक्साइडं एका माळेचे मणी नाहीत. झिंक ऑक्साइड पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांमध्ये विरघळतं आणि जस्ताचे आयन सोडतं, त्रास त्यांचा. टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास विरघळतच नाही. सेरियम ऑक्साइडची तर गंमतच आहे. ते रॅडिकल शोषूनही घेऊ शकतं. २००७ मध्ये हृदयविकार असलेल्या उंदरांमध्ये त्याने हृदयाचं संरक्षण केल्याचं दिसलं. आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण, वर कार्बोहायड्रेटचं आवरण चढवून, अमेरिकेत २००९ पासून किडनीच्या रुग्णांच्या अॅनिमियावर औषध म्हणून शिरेतून देतात. त्यावर अॅलर्जीचा कडक इशारा असतो, पण औषध आहे.

आणि सनस्क्रीन? हा प्रश्न येणारच. त्यातलं झिंक किंवा टायटॅनियम ऑक्साइड मुख्यतः कातडीच्या वरच्या मृत थरातच राहतं. क्रीम बिनधास्त लावा. स्प्रे मात्र नाकासमोर उडवू नका.

आता परत एक्यूआयकडे. त्यातला पीएम २.५ हा आकडा काय सांगतो? एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचं वजन किती. वजन! इथेच घोळ आहे. अडीच मायक्रॉनचा एक कण घ्या. तेवढ्याच वजनात ५० नॅनोमीटरचे किती कण बसतील? व्यास पन्नासपट छोटा, म्हणून ५० चा घन: १ लाख २५ हजार कण. आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग पन्नासपट जास्त. रासायनिक उपद्व्याप होतो तो पृष्ठभागावरच. पेशीला कणांची संख्या आणि पृष्ठभाग सोसावा लागतो, आणि आपलं ॲप वजन दाखवतं. हवा दोन दिवशी सारखी 'मॉडरेट' दिसेल, पण आतला माल वेगळा असू शकतो.

संख्या मोजणं अशक्य आहे असंही नाही. बीएस ६ आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, डिझेल गाडीच्या धुराला किलोमीटरमागे किती कण, याची मर्यादा आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी आपण कण मोजतो. पण भारताच्या हवेच्या मानकांत अजून वजनच आहे, पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. ब्रेकच्या धुळीवर युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत पहिल्यांदा मर्यादा घातली. पुण्यात, मुंबईत, नाशकात ब्रेक तर आपण कुणापेक्षा कमी दाबत नाही!

मग करायचं काय? बाईकवर तोंडाला बांधलेला रुमाल किंवा स्टोल या कणांना जवळजवळ अडवत नाही. नीट बसलेला एन ९५ अडवतो. इतके छोटे कण सरळ जात नाहीत, भरकटत जातात आणि मास्कच्या तंतूंवर आपटून चिकटतात. पळायला जाणार असाल तर मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आतून जा, कारण रस्त्यापासून लांब गेलं की हे कण भराभर कमी होतात. सिग्नलला बससमोर किंवा ट्रकच्या मागे चिकटून उभं राहू नका.

पण खरं काम मास्कचं नाही, मागणीचं आहे. आपल्या शहरात कणांची संख्या मोजणारं एक तरी केंद्र असावं आणि त्याचा डेटा सगळ्यांना बघता यावा. नगरसेवक मतं मागायला येतील तेव्हा रस्ते-पाण्यासोबत हेही विचारा. जे मोजलंच जात नाही, त्यावर नियम कधी होणार?

आजच्यापुरतं एवढंच. सिग्नलला ताटकळणाऱ्या एखाद्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!