अंदाज पाड्यावर पोहोचतो तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात शेती विभागाच्या कार्यकर्त्याने केलेले भाषण)



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मोबाइल फोन वाटले तर तिथल्या लोकांना हवामानाचा अंदाज वेळेवर मिळेल का, असे तुमच्यापैकी काहींनी विचारले आहे. प्रश्न प्रेमाने विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावे असे वाटते.

अंदाज निघत नाहीत असे नाही. हवामान खाते दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज धरून कृषी सल्ला काढते. ‘महावेध’ योजनेत राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अॅप पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केले. हे काम मोठे आहे. अडचण पुढे सुरू होते.

सल्ल्यात लिहिलेले असते, ‘तुरळक ठिकाणी मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’. घरात वारली किंवा कातकरी बोलणारी बाई विचारते, तुरळक म्हणजे आमच्याकडे की डोंगरापलीकडे? तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. एका मंडळात कितीतरी गावे येतात आणि डोंगराच्या दोन अंगांना सारखा पाऊस पडत नाही. शिवाय घरात एकच फोन असला तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, आणि रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. तालुक्यापुरता सल्ला लोकांच्या भाषेत सांगण्यासाठी देशभर १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी केली होती. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो.

पण समजा, अंदाज पोहोचला आणि कळलाही. मग काय होते?

पावसाला उशीर आहे, मध्ये खंड पडेल, असा अंदाज आहे. खाली सपाटीवर ज्याची विहीर आहे तो राबाला पाणी घालून रोप जगवतो. त्याच्याकडे हळवे आणि गरवे असे दोन्ही भाताचे बी असते. उशीर दिसला की तो लवकर तयार होणारे हळवे पेरतो. वर उतारावर वनहक्काच्या तुकड्यात नागली, वरई घेणाऱ्या कुटुंबाकडे एकच बी असते, बऱ्याचदा उसने आणलेले. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला योग्य आहे. पण ज्याला आपले काम उरकून दुसऱ्याच्या लावणीला मजुरीवर जायचे आहे, त्याने थांबायचे कशाच्या जोरावर? तो पहिल्या सरीला पेरतो. खंड पडला की रोप करपते आणि दुसऱ्या पेरणीसाठी घरात मूठभर बी नसते. दिवाळीनंतर तेच कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते.

आपण योसेफाची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. सात वर्षे सुकाळ, मग सात वर्षे दुष्काळ. अंदाज तंतोतंत खरा ठरला. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा गोळा करून कोठारे भरली आणि लोक वाचले. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायापाशी आपण बहुतेक वेळा थांबतो. ४७वा अध्याय जरूर वाचा. त्याच कोठारातले धान्य घेण्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी जमीन आणि स्वतःलाही फारोच्या हवाली केले. (याजकांच्या जमिनी तेवढ्या वाचल्या, हेही तिथे लिहिले आहे!) अंदाज सगळ्या देशासाठी एकच होता. कोठाराची किल्ली कोणाकडे, यावर ज्याचे त्याचे भविष्य ठरले.

विजेचेही तसेच. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात आणि त्यांत उघड्यावर काम करणारे खूप असतात. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाईला कोणी इशारा सांगितला, तरी ‘आता थांबते’ असे म्हणण्याची सोय तिला नसते, कारण अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. म्हणून इशारा आधी शेतमालकाच्या कानावर गेला पाहिजे. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पक्क्या घरात जायचे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही आणि तेवढ्या वेळाची मजुरी कापायची नाही, हे लावणी सुरू होण्याआधीच ठरले पाहिजे. हे काम फोनने होत नाही. दोघांनाही ओळखणाऱ्या माणसाने समोर बसून बोलावे लागते.

तेव्हा फोनसाठी जमवायची रक्कम तीन गोष्टींना द्यावी, अशी माझी विनंती आहे.

पहिली, प्रत्येक पाड्यावर एक पर्जन्यमापक. शाळेतली मुले रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून भिंतीवर आकडा लिहितील. हवामान खातेही त्याच वेळी मोजते. आपल्या पाड्यावर पेरणीपुरता पाऊस झाला की नाही, हे मग दूरच्या केंद्रावरून ठरवावे लागणार नाही. पावशाची हाक आणि मुंग्यांची धावपळ ओळखणारी जाणती माणसेही त्या भिंतीसमोर बसतील. त्यांचे ऐकल्याशिवाय तिथे कोणी काही पेरत नाही, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

दुसरी, निरोप सांगणारी एक बाई. आठवड्यातून दोनदा सल्ला ऐकून तो आपल्या बोलीत घरोघर सांगणारी. तिला मानधन द्यायला हवे. सेवा म्हणून फुकट करून घेऊ नये. फोन घ्यायचाच तर तिच्यासाठी घ्या.

तिसरी आणि सर्वांत महाग गोष्ट म्हणजे दुसऱ्या पेरणीचे बी. हळवे भात, नागली आणि वरईचे स्थानिक वाण, पाड्यावरच कणगीत साठवलेले. किल्ली पाड्यातल्या बायकांच्या गटाकडे राहील, आपल्या कार्यालयात नाही. ज्याचे रोप गेले त्याने न्यावे आणि पिकल्यावर नेले तेवढेच परत टाकावे, वर काही नाही. एखाद्या वर्षी परत आले नाही तर आपण भरून देऊ. त्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल, आणि त्यावर समितीत मतभेद आहेत हेही सांगतो.

बी मे महिन्याच्या मध्यापर्यंत वर पोहोचले पाहिजे. पाऊस लागला की काही पाड्यांवर गाडी जात नाही, मग पोती डोक्यावरून न्यावी लागतात. खर्चाचा कागद मागच्या टेबलावर आहे. प्रश्न असतील तर आताच विचारा, मी बसलो आहे.