मधुमेही मांजराची घरगुती देखरेख

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत एखादे मांजर येऊन बसावे, याचे काहींना हसू येईल. परंतु कोठे बसावे हे मांजराने आजवर कोणाला विचारलेले नाही! शिवाय चालकांनी हा विषय सुचविला त्यास कारणही आहे. मुलेबाळे परगावी व परदेशी गेलेल्या आपल्या कित्येक घरांत वडीलधाऱ्यांना सोबत म्हणून मांजरच उरले आहे. आणि ज्या रोगाची ओळख आपणांपैकी बहुतेकांना स्वतःच्या शरीरावरून आहे, तोच रोग या सोबत्यासही जडू शकतो.

मधुमेह हे नावच मुळी निरीक्षणातून जन्मले. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहिले होते. आमच्या घरीही पहिली वर्दी मुंग्यांनीच दिली. आमचा बंड्या नावाचा बोका तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या वाळूच्या घमेल्याभोवती मुंग्यांची रांग दिसू लागली. तो वरचेवर पाण्याच्या वाटीशी जाई, खाणे पूर्वीपेक्षा जास्त, आणि तरीही अंग झडत चाललेले. मागचे पाय पंजांवर न टेकता तो टाचांवर टेकून चाले. आम्ही म्हणालो, ‘वय झाले.’ ते वय नव्हते; साखरेने नसांवर केलेला तो परिणाम होता. लठ्ठ, बैठ्या सवयीच्या आणि नसबंदी झालेल्या बोक्यांत हा रोग अधिक आढळतो. आमच्या बंड्याच्या ठायी या तिन्ही गोष्टी होत्या, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा दूधभात!

इन्शुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरँटो येथे लागला आणि १९२२ पासून त्याने माणसांचे प्राण वाचविण्यास आरंभ केला. मांजरासही तेच औषध बहुधा बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यावे लागते. मात्रा पशुवैद्य ठरवितात. पण ती लागू पडते की नाही, हे घरातच कळते. कारण असे की, टोपलीत कोंडून दवाखान्यात नेलेल्या मांजराची रक्तशर्करा केवळ भीतीने वाढते. तेथे दिसलेला मोठा आकडा रोगाचा की भयाचा, हे ओळखणे कठीण. घरच्या पलंगावर निवांत पहुडलेल्या मांजराचा आकडा त्याहून अधिक विश्वासार्ह असतो.

आता घरी पाहावे काय? पहिली गोष्ट, रोजचे खाणेपिणे. पाणी मापून ठेवावे आणि संध्याकाळी उरलेले मोजावे. किलोभर वजनामागे दिवसाला शंभर मिलिलिटरहून अधिक पाणी जात असेल, तर ते निश्चित चिंतेचे लक्षण होय. दुसरी गोष्ट, घमेल्यातील ओल्या गोळ्यांची संख्या व आकार. तिसरी, वजन. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तान्ह्या मुलांच्या काट्यावर ते घ्यावे. चौथी, चाल व उत्साह. बंड्या पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारू लागला, त्या दिवशी आम्हांस कोणत्याही आकड्याहून अधिक समाधान वाटले.

पाचवी गोष्ट रक्तशर्करेची. कान कोमट फडक्याने शेकून त्याच्या कडेला बारीक सुई टोचावी. एक थेंब पुरतो. नंतर आवडीचा घास द्यावा. आठवडाभरात मांजर या विधीस सरावते. माणसास थोडा अधिक वेळ लागतो. माणसांसाठी बनविलेली यंत्रे मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवितात; म्हणून प्राण्यांसाठीचे यंत्र मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास एकच यंत्र कायम वापरावे व पशुवैद्यांस तसे सांगून ठेवावे. निरोगी मांजराचा आकडा सुमारे ८० ते १२० मिलिग्रॅम असतो. उपचार चालू असलेल्या मांजराचा आकडा दिवसाचा बराच काळ १०० ते ३०० च्या दरम्यान राहिला, तर सामान्यतः समाधान मानतात. निरोग्याच्या आकड्याचा हट्ट धरून मात्रा स्वतः वाढविणे हा मोठा अपराध आहे. कारण चढलेली साखर दिवसांच्या हिशेबाने अपाय करते, उतरलेली साखर तासाभरात प्राण घेते.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या घरी मंगळागौर होती. सायंकाळी सात वाजता आमच्या सौभाग्यवतींनी बंड्याला दोन युनिटे टोचली. आठ वाजता चिरंजीव कामावरून परतले. गडबडीत राहून गेले असेल, या समजुतीने त्यांनी पुन्हा दोन युनिटे दिली. पाहुण्यांच्या गर्दीने बावरलेला बोका त्या दिवशी निम्मेच जेवला होता. रात्री अकराच्या सुमारास तो पलंगाखाली थरथरताना सापडला. पाय लटपटत होते, हाक मारली तरी वळत नव्हता. यंत्राने ३८ हा आकडा दाखविला. सौभाग्यवतींनी बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला आणि आम्ही तसेच पशुवैद्यांकडे धावलो. पहाटे शिरेतून दिलेल्या ग्लुकोजने त्याने मान उचलली. अर्धवट शुद्धीतील मांजराच्या तोंडात पाणी वा दूध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते; मध केवळ चोळावा, हेही ध्यानी असावे.

दोष कोणाचा? प्रत्येकाने मायेनेच हात पुढे केला होता. चूक मायेत नव्हती, नोंदीच्या अभावात होती. आपल्या मंडळाच्या जमाखर्चात पाच रुपयांची वर्गणीही तारखेनिशी लिहिली जाते. आणि ज्या औषधाच्या दोन थेंबांवर जीव अवलंबून, ते आम्ही तोंडी कारभारावर चालविले होते! दुसऱ्या दिवसापासून फ्रीजच्या दाराला दोरीने एक वही व पेन्सिल बांधली. तारीख, वेळ, खाणे, साखर, मात्रा आणि देणाऱ्याची सही, असे रकाने आखले. नियम एकच: आधी लिहावे, मग टोचावे. दिले की नाही, अशी शंका आल्यास टोचू नये. एक मात्रा चुकल्याने होणारे नुकसान दुबार मात्रेच्या मानाने अल्प असते. मांजर जेवले नसेल, तर पशुवैद्यांस विचारल्यावाचून औषध देऊ नये.

वहीच्या पहिल्या पानावर सिरिंजचा प्रकारही लिहून ठेवावा. आपल्याकडे मिलिलिटरला चाळीस युनिटांचे आणि शंभर युनिटांचे, असे दोन्ही प्रकारचे इन्शुलिन मिळते. पहिल्याच्या सिरिंजचे टोपण लाल असते, दुसऱ्याचे नारिंगी. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजने भरले, तर मात्रा अडीचपट होते.

याच वहीने पुढे दुसऱ्यांदा उपकार केला. दूधभात बंद करून पशुवैद्यांच्या सल्ल्याने आम्ही मांसाहार वाढविला. आपल्यातील शाकाहारी घरांस हे जड जाईल. परंतु मांजर जन्मतःच मांसाहारी आहे. काही महिन्यांनी नोंदींतील आकडे हळूहळू उतरू लागले. वही पाहून पशुवैद्यांनी मात्रा निम्मी केली. लवकर उपचार झालेल्या काही मांजरांस पुढे इन्शुलिन लागेनासे होते. अशा वेळी जुनी मात्रा सवयीने देत राहणे म्हणजे विषप्रयोगच. उलट, खाणे सुटणे, वांत्या, मरगळ आणि श्वासास गोडसर उग्र वास ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

बंड्या आज बारा वर्षांचा आहे. सकाळ-संध्याकाळ एक युनिट घेतो आणि माझ्या आरामखुर्चीवर स्वामित्व गाजवितो. मुका जीव आपले दुःख सांगू शकत नाही, असे आपण म्हणतो. तो सांगत असतो. पाण्याच्या वाटीतून, घमेल्यातून, चालीतून सांगत असतो. ते रोज पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, एवढेच आपले काम. आज येथून घरी गेल्यावर ज्यांच्या दारी असा सोबती आहे, त्यांनी त्याची पाण्याची वाटी एकदा मापून पाहावी, एवढी विनंती.