चुन्याची निवळी आणि प्रवाळाची टाकी



जुन्नरसारख्या गावी, जेथून समुद्र घाटापलीकडे राहिला, तेथे प्रवाळावर व्याख्यान कशासाठी, असे आपणांस वाटेल. परंतु या गावाचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. नाणेघाटाच्या वाटेने कोकणच्या बंदरांतला माल येथे चढून येत असे. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या जिनसांत पोवळ्याचेही नाव आहे. ते पोवळे निर्जीव होते. आज आम्हांस बोलायचे आहे ते घरच्या काचेच्या टाकीत ठेवलेल्या जिवंत प्रवाळाविषयी, आणि त्याला चुना कसा पुरवावा याविषयी.

प्रवाळ हा दगड नव्हे, झाड नव्हे. तो प्राणी आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन तो चुनखडीचे घर बांधतो. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आम्ल पचविण्याची पाण्याची जी शक्ती, तिला अल्कता म्हणतात. ती जर्मन अंशांत मोजली तर समुद्रात सुमारे ७ भरते. अथांग समुद्राला या खर्चाची क्षिती नाही. दोनशे लिटरांच्या टाकीला मात्र आहे.

आता हिशेब पाहा. प्रवाळाने लिटरामागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरले की अल्कता २.८ अंशांनी उतरते. म्हणजे कॅल्शियम शेकडा पाचच कमी झाले, तोवर अल्कता शेकडा चाळीस खाली आली! म्हणून टाकीची नाडी पाहायची ती अल्कतेवर. कॅल्शियमचा आकडा ठीक आहे म्हणून निश्चिंत राहणारा मनुष्य फसतो.

हे रसायन आपल्याला परके नाही. विहिरीचे जड पाणी उकळले की भांड्याला पांढरा थर धरतो. द्राक्षबागेतील ठिबकच्या नळ्या त्याच थराने बुजतात. बागाईतदाराला जो चुना नकोसा, तोच प्रवाळाला हवा. तरीही विहिरीचे पाणी टाकीत घालू नये. त्यात चुन्याबरोबर आणखी काय किती आहे याचा भरवसा नसतो. गाळणयंत्राचे शुद्ध पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ विरघळवावे, हेच बरे.

चुना पुरविण्याच्या वाटा मुख्यतः चार. पहिली, ठराविक दिवसांनी थोडे पाणी बदलणे. टाकीत मऊ प्रवाळ असतील तर एवढ्यावर भागते. दुसरी, चुन्याची निवळी. जर्मन लोक तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. अर्थ तोच, चुन्याचे पाणी. शाळेत नळीने फुंकर घालून जे पाणी आपण दुधाळ केले, तेच हे. टाकीतून रोज जेवढे पाणी वाफ होऊन जाते तेवढीच निवळी भरायची. कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही जोडीने मिळतात. मात्र पानाचा चुना यासाठी चालत नाही. शुद्ध चुनाच हवा. तिसरी वाट, दोन द्रावणांची: एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात खाण्याचा सोडा. दोन्ही वेगवेगळी आणि बेताच्या प्रमाणात घालावी लागतात, आणि मागे साधे मीठ साचत जाते. म्हणून खारेपणावर नजर ठेवावी लागते. चौथी वाट यंत्राची: प्रवाळाच्या खड्यांतून कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी फिरवून चुना विरघळवायचा. मोठ्या टाकीला ते शोभते; पण सिलिंडर, पंप आणि देखरेख हे सारे मागे लागते.

मग निवड कशी करावी? दुकानदाराच्या शब्दावर नव्हे. तीन दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी अल्कता मोजावी. ती दिवसाला किती उतरते ते कळले की उत्तर आपोआप मिळते. समजा, दोनशे लिटरांत रोज एक अंश उतरते. ती भरून काढायला पुऱ्या ताकदीची निवळी सुमारे पावणेदोन लिटर लागेल. वैशाखाच्या कोरड्या हवेत एवढे पाणी सहज आटते. पण आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, तेथे पाणी आटणार कोठून? प्रवाळाची भूक तर पावसाने कमी होत नाही. म्हणून आमचे मत असे की, आपल्याकडील घरगुती टाकीला निवळी हा पाया धरावा आणि पावसाळ्यात उरलेली तूट दोन द्रावणांनी भरावी. यंत्राच्या मागे लागण्याची घाई करू नये.

निवळी द्यायची ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री. हे आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा घाईत बादलीच्या तळचा गाळही आम्ही टाकीत ओतला. सकाळी पाणी दुधासारखे झाले होते, पंपावर पांढरा थर बसला होता, आणि दोन प्रवाळांच्या फांद्यांवरचे मांस गळून गेले होते. ज्याला वाढवायला दोन वर्षे लागली, ते एका रात्रीत गेले. दोष आमचाच होता.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रवाळ आपल्या किनाऱ्यावरही आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याने प्रवाळांना संरक्षण दिले आहे. समुद्रातून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. म्हणून टाकी करणाऱ्याने आधी प्राण्याचा रीतसर कागद पाहावा, चुन्याचा डबा मागून. जीव घरी आणला की त्याची भूक मोजण्याचे कर्तव्य आपल्याकडे येते. त्याला मागता येत नाही. आपल्याला मोजता येते.