माझा आवडता ओ. हेन्री



एखाद्या लेखकावर आपलें प्रेम कां जडलें, याचा जबाब तरुणपणीं कोणी मागत नाहीं. साठी उलटल्यावर मात्र तो द्यावा लागतो, आणि मागणारा बहुधा घरचाच असतो. गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं विचारलें, "बाबा, ओ. हेन्रीच्या गोष्टींत शेवटच्या कलाटणीवांचून आहे काय? ती एकदां कळली कीं गोष्ट संपली!"

आक्षेप जुना आहे, आणि सर्वस्वीं खोटाहि नाहीं. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रासाठीं आठवड्याला एक या हिशेबानें त्यानें पुष्कळ गोष्टी लिहिल्या. त्यांतील कित्येकींवर घाईची कळा आहे. त्या मी आतां वाचीत नाहीं. परंतु कांहींचा शेवट चाळीस वर्षें पाठ असूनहि त्या पुन्हां काढाव्याशा वाटतात.

१९०५ सालीं प्रसिद्ध झालेली डेला आणि जिम यांची गोष्ट घ्या. नाताळच्या आदल्या दिवशीं डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट आहेत. वाणी, खाटीक, भाजीवाला यांच्याशीं लाजत घासाघीस करून सांठविलेले! नवऱ्याच्या घड्याळाला सांखळी घेण्यासाठीं ती आपले केस विकते. इकडे त्यानें तिच्या केसांना फण्या आणण्यासाठीं घड्याळच विकलेलें असतें. शेवट ठाऊक असला म्हणजे ती केस कापावयास निघते तेव्हांच आपला जीव कासावीस होतो. पहिल्या खेपेस जी गंमत वाटली, तीच दुसऱ्या खेपेस सोसवत नाहीं.

जातां जातां सांगतों: त्या पैशांचा हिशेब जुळत नाहीं. पैकीं ६० सेंट सुट्या एकेका सेंटाचे होते, असें लेखक म्हणतो. उरले १ डॉलर २७ सेंट. त्यांतील वरचे २ सेंट पांच-दहा सेंटांच्या नाण्यांत बसावे कसे? आणि ही बेरीज बँकेच्या हिशेबापायीं तुरुंगांत गेलेल्या गृहस्थाची!

होय, तुरुंगांत. याचें खरें नांव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म १८६२ चा, नॉर्थ कॅरोलायनांतला. टेक्ससमधील ऑस्टिनच्या बँकेंत रोखपाल असतांनाच्या अफरातफरीचा आरोप त्याच्यावर आला. तो दोषी होता कीं नव्हता, हा वाद अजून चालूच आहे. १८९६ सालीं तो होंडुरासला पळाला. पण पत्नी मरणाच्या दारीं आहे हें कळतांच पुढील वर्षीं परतला. १८९७ सालीं ती गेली. १८९८ सालीं त्याला पांच वर्षांची शिक्षा झाली. चुलत्याच्या औषधांच्या दुकानांत शिकलेली विद्या तेथें उपयोगीं पडली. ओहायोच्या तुरुंगांत तो रात्रीं औषधें देई, आणि गोष्टी लिही. १९०१ सालीं तो सुटला.

१९०३ ची त्याची एक गोष्ट आहे. तिजोऱ्या फोडणारा जिमी व्हॅलेंटाइन नांव पालटून सज्जन होतो, लग्नहि ठरतें. इतक्यांत एक लहान मुलगी बँकेच्या नव्या तिजोरींत कोंडली जाते. सर्वांदेखत जिमी आपलीं जुनीं हत्यारें काढून तिला सोडवितो. त्याला पकडावयास आलेला बेन प्राइस हें पाहतो, आणि ओळखच नाहीं असें भासवून निघून जातो. पोर्टरला असा बेन प्राइस भेटला नव्हता.

चिरंजीवांना मीं एवढेंच सांगितलें कीं, त्याला मार्गारेट नांवाची मुलगी होती. बाबा कामानिमित्त दूर आहेत, असें तिला सांगण्यांत आलें होतें. तुरुंगांतून तो तिला थट्टामस्करीचीं पत्रें लिही, आणि तीं कोठून येतात याचा मागमूस लागूं देत नसे.

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. जातांना माझें पुस्तक मात्र घेऊन गेले. अद्याप परत केलेलें नाहीं.