आडनावामागचं गाव



 वंशावळींच्या शोधाची परिषद पुणे-नाशिक सोडून इथे गरौठ्यात का, असं अनेकांनी विचारलं. उत्तर आपल्याच तहसिलीत आहे. इथून जवळच्या गुरसरायचे राजे दक्षिणी पंडित, म्हणजे मराठी, घराण्यातले. 1729 मध्ये बाजीराव छत्रसालांच्या मदतीला धावले, बुंदेलखंडात पेशव्यांचा अंमल आला आणि गोविंद बल्लाळ खेर, म्हणजे आपले गोविंदपंत बुंदेले, यांच्या काळात कारकून, उपाध्ये, शिलेदार कोकण-देशावरून इकडे येऊन राहिले. डिसेंबर 1760 मध्ये पंत पडले; माणसं मात्र इथेच राहिली.

राहिली, पण पुष्कळांची आडनावं गळाली. कुणी नुसते राव झाले, कुणी पंडित. आज आपली नातवंडं अमेरिकेत बसून ‘राव’ म्हणून शोधतात, तेव्हा हाती काय लागणार?

अशा शोधाची साधनं खूप आहेत. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळी-संस्थेने 1938 पासून जगभरच्या नोंदींच्या सुमारे 24 लाख मायक्रोफिल्म रिळांचा संग्रह केला. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यात आहेत. 2017 मध्ये रिळं पाठवणं थांबलं, आता बहुतेक सगळं संगणकावर दिसतं. तरी काही नोंदी घरून उघडत नाहीत. त्या संस्थेच्या कुटुंब-इतिहास केंद्रात बसूनच पाहाव्या लागतात. केंद्र विनाशुल्क असतं आणि मदतीला स्वयंसेवक असतात. मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, की शेजारी जाणती व्यक्ती बसते. पण तिलाही मूळ गाव सांगावं लागतं. आपल्या तीर्थोपाध्यांची पद्धत हीच नाही का? नाशकात गुरुजी आधी आडनाव आणि गाव विचारतात, मग वही काढतात. पानावर पणजोबांच्या हातचं अक्षर असतं: वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, शेवटी शक आणि तिथी. मोडीतली ती ओळ वाचता आली की चार पिढ्या एकदम समोर उभ्या राहतात.

म्हणून माझा आग्रह आहे की शोध घरातून सुरू करा. आजीला कुलदैवत विचारा, लग्नाच्या जुन्या याद्या काढा, सुनांची माहेरं लिहून घ्या. गाव कळलं की कुलवृत्तांत चाळा, नाशिक-त्र्यंबकच्या वह्या पाहा, पुण्याच्या पेशवे दफ्तरात जा. आणि इंग्रजी अंमलातल्या माफी-जमिनीच्या मिसली, म्हणजे फायली, विसरू नका. त्या बहुधा उर्दूत असतात, त्यामुळे आपले लोक त्या उघडतच नाहीत. मराठी घराण्याचा निम्मा इतिहास असा मोडी आणि फारसी लिपीत वाटला गेला आहे. दोन्ही वाचणारी माणसं एका टेबलाशी बसली पाहिजेत. बुंदेलखंडात असं एक केंद्र व्हावं, ही आमच्या स्वागत समितीची मनापासून इच्छा आहे.

त्याची सुरुवात आजच करत आहोत. मंडपाच्या डाव्या हाताच्या खोलीत स्कॅनर आहे, मोडी आणि उर्दू वाचणारे दोघेही आहेत. आपापले कागद तिथे दाखवा. मूळ कागद कुणी ठेवून घेणार नाही, प्रत काढून लगेच तुमच्या हाती परत मिळेल. जेवण साडेबाराला आहे. ज्येष्ठांनी आधी बसावं. अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.